समाधान कोणाला सांगावे?

'समाधान' हा शब्द आपल्या मराठवाड्यात फार आवडता आहे. कोणी ख्यालीखुशाली विचारली की 'चाललंय, समाधान आहे' असे म्हणण्याची आपली रीत. घरात चार दाणे कमी असले तरी पाहुण्यापुढे रडगाणे गाऊ नये, हा त्यामागचा संस्कार. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तर हा शब्द अधिकच शोभतो. कारण आकाशातल्या पाखरांची आणि रानातल्या फुलांची काळजी वाहणारा पिता आपलीही काळजी वाहतो, अशी आपली श्रद्धा आहे. हाव धरू नका, आहे त्यात आनंद माना, हा उपदेश म्हणूनच आपल्या ख्रिस्तमंदिरांतून वारंवार होतो. तो खरा आहे, यात शंका नाही. परंतु औषध खरे असले तरी ते कोणत्या रोग्याला द्यायचे, याचा विचार वैद्याला करावाच लागतो. समाधानाचा उपदेश कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी करावा, हा प्रश्न आज वाचकांपुढे मांडावा, असे आमच्या मनात आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला तो एका तरुण कामगाराने. घरांना आशीर्वाद देत फिरत असताना वाळूजजवळच्या एका दोन खोल्यांच्या घरी आम्ही थांबलो होतो. घरधनी एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. नऊ वर्षे तेच यंत्र, तेच काम. पण शेजारच्या यंत्रावरील कायम कामगाराला मिळतो त्याच्या निम्म्याहून कमी पगार. मधल्या काळात ठेकेदार तीन वेळा बदलला. माणूस तोच राहिला, त्याची नोकरी मात्र दर वेळी नवी धरली गेली. चहा पिता पिता तो म्हणाला, "फादर, समाधानी राहा असं चर्चमध्ये सांगतात. मग पगार वाढवून मागणं हे पाप धरायचं का?" बोलण्यात उपहास नव्हता, त्याला खरोखर उत्तर हवे होते. पाप नाही, इतके उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले. परंतु ते पाप का नाही, हे चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगून होण्यासारखे नव्हते.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या आठवणीतले औरंगाबाद, हे कष्टकऱ्यांनी वाढवलेले शहर आहे. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आठ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांनी आपल्या धर्मग्रामांचा आजचा चेहरा घडवला आहे. घोगरगाव, वैजापूर, गंगापूर या बाजूच्या खेड्यांतून, फ्रान्सहून आलेल्या मिशनरी धर्मगुरूंनी जोपासलेली आपली कुटुंबे, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आपली माणसे, चिकलठाण्याला आणि वाळूजला येऊन स्थिरावली. कोणाला कायमची नोकरी मिळाली. भविष्य निर्वाह निधी, छोटेसे घर, मुलांचे शिक्षण हे सारे मागोमाग आले. कोणाला ती मिळाली नाही. कोणी आजही हंगामात कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि आजारपणाचा दिवससुद्धा खाडा म्हणून कापला जातो. रविवारी हे सारे एकाच बाकावर बसतात आणि एकच प्रवचन ऐकतात.

याच शहराने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये देशाचे लक्ष वेधून घेतले. येथील उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. आमचे शहर मागासलेले नाही हे जगाला दिसावे, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला आणि पुष्कळांना त्याचा अभिमानही वाटला. कष्टाने मिळवलेल्या पैशातून कोणी मोटार घेतली म्हणून त्याला दोष देण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी एक गोष्ट लिहून दाखवली, ती विसरता येत नाही. त्या मोटारींसाठी सरकारी बँकेचे कर्ज सुमारे ७ टक्के व्याजाने मिळाले. त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी मात्र १२ टक्क्यांहून अधिक व्याज भरावे लागत होते. ज्याच्याकडे आहे त्याला स्वस्त, ज्याच्याकडे नाही त्याला महाग. आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण ऐकवतो ती ट्रॅक्टरवाल्याला!

पुढे शेंद्रा आणि बिडकीन परिसरातील जमिनी दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी संपादित झाल्या. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या मातीचे एका धनादेशात रूपांतर झाले. त्या पैशावर 'तीस-तीस' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेची नजर पडली. तीस टक्क्यांच्या परताव्याचे आमिष, सुरुवातीला वेळेवर हाती पडणारे पैसे आणि ओळखीच्या माणसांची मध्यस्थी, एवढ्यावर गावेच्या गावे विश्वासली. हप्ते थांबले, २०२२ साली पोलिसांत गुन्हा दाखल झाला. पण जमीनही गेली होती आणि पैसाही. फसलेल्यांना हसणे सोपे आहे, ते कोणी करू नये. ज्याच्या हातचे काम गेले आणि त्याच्या जागी केवळ रक्कम आली, त्याला ती रक्कम वाढली नाही तर उद्या काय, ही भीती अहोरात्र खात असते. हावेइतकीच ही भीतीही माणसाला खड्ड्यात नेते. समाधानाचा विचार करताना हे ध्यानात घेतले पाहिजे, की असमाधानाचे मूळ दर वेळी लोभातच नसते. पुष्कळदा ते असुरक्षिततेत असते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. लूकच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू एका धनवान शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक उदंड आले. कोठारे पाडून मोठी बांधीन, मग खाईन, पिईन, चैन करीन, असा तो बेत करतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिच्यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. हा मनुष्य सबंध गोष्टीत कोणाशीही बोलत नाही. बोलतो तो स्वतःशीच. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव! एवढे उदंड पीक त्याने एकट्याने तर कापले नसेल. सोंगणी करणारे, मळणी करणारे, पोती वाहणारे, कोणीतरी असलेच पाहिजेत. त्याच्या बेतात त्यांचा उल्लेख नाही. त्याला देवाने मूर्ख म्हटले ते धान्य साठवले एवढ्यासाठीच नव्हे. आपल्या धान्यात दुसऱ्याचा हात आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, विपुलता असो की टंचाई, दोन्ही स्थितींत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो आहोत, असे सांगितले आहे. समाधानाविषयी ख्रिस्ती साहित्यात याहून सुंदर साक्ष क्वचितच सापडेल. मात्र ती लिहिणारा मनुष्य तुरुंगात आहे आणि तो बोलतो आहे ते स्वतःविषयी. तोच पौल इतर मंडळ्यांत गेला की यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो. त्या गरिबांना तो 'संतुष्ट राहा' असे पत्र पाठवीत नाही. संत याकोब तर शेतमालकांना बजावतो, की तुमची शेते कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचला आहे. पवित्र शास्त्राची ही वाटणी स्पष्ट आहे: समाधान मागावे ते स्वतःकडे, दुसऱ्याला द्यायची ती मजुरी.

यावर एक जाणता वाचक आम्हांला अडवील. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना 'आपल्या पगारात तृप्त असा' असे सांगितले आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे. परंतु योहानाचे ते वाक्य पूर्ण वाचावे. कोणाला धमकावून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, हे आधी आणि पगारात तृप्त असा, हे नंतर. हातात शस्त्र असलेल्या माणसाला तो सांगतो आहे, की तुझ्याहून दुबळ्याच्या खिशात हात घालू नको. तृप्तीचा हा उपदेश बळवंताला आहे. ठेकेदाराच्या दारात उभ्या असलेल्या मजुराला गप्प बसवण्यासाठी तो वापरणे म्हणजे औषधाची बाटली चुकीच्या रोग्याच्या उशाशी ठेवणे होय.

ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण याच दिशेची आहे. १८९१ च्या मे महिन्यात पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला, एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह त्यातून झाला पाहिजे आणि हा न्याय कराराच्याही आधीचा आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, हेही त्यांनी मान्य केले. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून दिला. पुढे १९६० मध्ये त्याच दिवशी आपले महाराष्ट्र राज्य जन्मास आले. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ आणि कामापेक्षा काम करणारा माणूस श्रेष्ठ, हा विचार मांडला. तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात स्वतः मजुरी केलेल्या माणसाचे ते शब्द होते. २०२५ साली निवडले गेलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना 'रेरुम नोवारुम'च्या कर्त्या पोपमहोदयांचेच स्मरण केले. तेव्हा योग्य पगार मागणारा आमचा तरुण मित्र ख्रिस्तसभेच्या शिकवणीबाहेर गेलेला नाही. तो तिच्या मध्यभागी उभा आहे.

हे सारे कारखानदारांना उद्देशून आहे, आपण तर साधी माणसे, असे वाचकांना वाटेल. म्हणून आमच्या धर्मग्रामातील एक प्रसंग सांगतो. सणाची तयारी चालली होती आणि पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत रोषणाईच्या खर्चाचा विषय निघाला. खजिनदारांनी हिशेब वाचताना ख्रिस्तमंदिराची झाडलोट करणाऱ्या बाईंच्या वेतनाचा आकडा ओघात वाचला. तो अनेक वर्षांपूर्वी ठरलेला होता. एक सदस्य म्हणाले, "बाई समाधानी आहेत. त्यांनी कधी मागितलं नाही." त्यावर कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त कामगार हळूच बोलले, "त्यांनी मागितलं नाही हे त्यांचं समाधान. आपण दिलं नाही, ते कोणाचं?" बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर पुष्कळ चर्चा झाली. रोषणाई हा गावाच्या मानाचा प्रश्न आहे, असेही कोणी आवर्जून सांगितले. शेवटी रोषणाई निम्म्यावर आली आणि बाईंचे वेतन किमान वेतनाच्या वर गेले. ही वाढ सणापुरती नव्हे, कायमची, असे इतिवृत्तात लिहिले गेले.

बाईंना हे कळवले तेव्हा त्यांनी थोडा हिशेब केला आणि म्हणाल्या, "मग मी रविवारचं मंगल कार्यालयाचं काम सोडते. मिस्सेला बसता येईल." त्या दर रविवारी पहाटे मंदिर झाडून, बाके पुसून, आपण सारे यायच्या आत भांडी घासायला धावत असत. आमच्यासाठी जागा स्वच्छ करणाऱ्या माणसाला त्या जागी बसायला सवड नव्हती. समाधानाच्या आड काय येते आणि ते कोणाच्या हातात असते, हे त्या एका वाक्यात आम्हांला उमगले.

मग समाधानाचा उपदेश करूच नये काय? करावा, पण तो आधी स्वतःला करावा. येथे आपल्या औरंगाबादच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांची आठवण होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी संसारी माणसांना पैशाविषयी मार्गदर्शन केले आहे. त्यांचा दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. औषधे विकणाऱ्याच्या दुकानात विष असते, पण ते त्याच्या अंगात नसते, म्हणून तो मरत नाही. तसे धन घरात असावे, काळजात असू नये. आणि दुसरा दृष्टान्त माळ्याचा. राजाचा माळी राजाची बाग स्वतःच्या बागेहून अधिक निगुतीने राखतो, कारण ती धन्याची आहे. आपली मिळकतही देवाची आहे असे मानणारा मनुष्य ती उधळीत नाही, गाडूनही ठेवीत नाही. धन्याला ज्यांची काळजी आहे त्यांच्यासाठी ती राखतो.

ज्या घरांत आज थोडीफार बरकत आहे, त्यांनी एका संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना झाल्यावर कागद घेऊन बसावे, असे आम्ही सुचवतो. आपल्याला महिन्याला किती पुरे, हा आकडा त्यावर लिहावा. 'पुरे' हा शब्द तोंडी राहिला की पगाराबरोबर वाढत जातो; कागदावर उतरला की थोडा स्थिर होतो. त्याखाली आपल्यासाठी राबणाऱ्यांची नावे लिहावीत: धुणीभांडी करणारी, दूध आणणारा, मुलांना शाळेत पोहोचवणारा रिक्षावाला, दुकानातला पोऱ्या. त्यांना शेवटची वाढ कधी दिली? पगार ठरल्या दिवशी देतो की 'उद्या या' म्हणतो? आजारपणाची सुट्टी कापतो काय? उसाच्या फडावरचा खाडा अन्यायाचा आणि आपल्या घरातला मात्र शिस्तीचा, असे मानता येत नाही.

बचतीविषयीही थोडे. झटपट वाढणाऱ्या पैशाला उत्तर म्हणून नुसता उपदेश पुरत नाही, त्याला पर्याय उभा करावा लागतो. इटलीतल्या पेरुजिया शहरात १४६२ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी अल्प दराने कर्ज देणारी संस्था काढली. आपल्या महाराष्ट्रात वसईच्या मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली कॅथोलिक शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक. धर्मगुरूने पैशाच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही असतील. परंतु सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला केवळ जपमाळ देऊन ते थांबले नाहीत. आपल्या वस्त्यांतील महिलांचे बचत गट दरमहा शंभर-दोनशे रुपये गोळा करतात, ती याच परंपरेची धाकटी बहीण होय. तेथे पैसा हळू वाढतो. पण तो कोणाच्या कष्टाचा आणि कोणाच्या हाती गेला, हे सगळ्यांना ठाऊक असते. जेथे हे कळत नाही, तेथे कितीही टक्के मिळाले तरी आपला पैसा ठेवू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ घरे वाचतील.

शेवटी, द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला. शहरातल्या मजूर अड्ड्यांवर सकाळी डबा घेऊन उभी राहिलेली आणि दुपारपर्यंत कोणी न बोलावलेली माणसे आपण रोज पाहतो. त्या मळ्याच्या धन्याने संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही दिवसभराची मजुरी दिली. कारण काम तासाभराचे झाले तरी पोटाला तासाचा हिशेब कळत नाही. पहाटेपासून राबलेल्यांनी कुरकुर केली. त्यांचे काही कमी झाले नव्हते. दुसऱ्याला पुरेसे मिळाले, हे त्यांना सोसले नाही. कायम कामगाराने ठेक्यावरील कामगाराकडे, मालकिणीने मोलकरणीकडे, मोठ्या धर्मग्रामाने लहान धर्मग्रामाकडे पाहताना हीच कुरकुर मनात येते. ख्रिस्ती समाधानाची खरी परीक्षा येथे आहे. शेजाऱ्याला त्याचे पुरेसे मिळालेले पाहून ज्याला बरे वाटते, तोच समाधानी.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण 'माझी भाकर' असे म्हणत नाही. 'आमची' म्हणतो, आणि ती 'रोजची' असे म्हणतो. 'रोजची' या शब्दात आपल्या हावेला मर्यादा आहे. 'आमची' या शब्दात शेजाऱ्याचा हक्क आहे. एकच शब्द धरून दुसरा सोडला, तर ती प्रार्थना आपण अर्धीच केली असे होईल.